स्तोइमेनच्या सुरकुत्या

स्लिवोवो गावात माणूस गेला की आधी देवळाची घंटा वाजते आणि मग झ्लात्काच्या घरचा प्रिंटर. कोणीतरी गेलं हे घंटा सांगते. कोण गेलं हे झ्लात्काचा कागद सांगतो. काळी चौकट, मधे फोटो, खाली नाव आणि दुःखाच्या दोन ओळी. मुसलमान घरातलं माणूस असेल तर चौकट हिरवी. हा कागद घराच्या फाटकावर लागतो, बसथांब्यावर लागतो, झऱ्याजवळच्या अक्रोडाच्या बुंध्यावर लागतो. एकदा लागला की तो कोणी काढत नाही. वाऱ्यानं न्यावा, पावसानं धुवावा, माणसाच्या हातानं फाडू नये. चाळिसाव्या दिवशी त्याच माणसाचा नवा कागद, वर्षानं आणखी एक. म्हणून आमच्या रस्त्यांवर जित्या माणसांपेक्षा गेलेलीच जास्त भेटतात, आणि त्यांना ओलांडून जाताना म्हातारे टोपी काढतात.

झ्लात्का पूर्वी टपाल कचेरीत होती. कचेरी बंद झाली, खिडकीला फळ्या ठोकल्या, तेव्हा तिथला जुना लॅपटॉप ती घरी घेऊन आली. तो तेव्हाच म्हातारा होता. बिजागरी तारेनं बांधलेली, दोन अक्षरांची बटणं गळालेली. त्याला चालू करायचं आणि चुलीवर गहू शिजत ठेवायचे. तो जागा होईपर्यंत गहू फुटलेले असत. पंखा मळणीयंत्रासारखा घरघरायचा. पण फोटोत माणूस जसा असेल तसाच कागदावर उतरायचा. चकणा तर चकणा, बोळका तर बोळका.

या उन्हाळ्यात त्यानं मान टाकली. पडदा काळा झाला तो झालाच. आणि नेमका तेव्हाच स्तोइमेन धनगराचा चाळिसावा दिवस जवळ आला होता. त्या दिवसापर्यंत जीव घराभोवती घुटमळतो, आणि मग निघून जातो, असं आम्ही मानतो. त्या निघत्या माणसाचा कागद फाटकावर नसणं म्हणजे त्याला निरोप न देता दाराबाहेर काढणं. स्तोइमेनची बायको केरा काठी टेकत आली आणि एवढंच म्हणाली, "झ्लात्का, माझ्या माणसाला असाच जाऊ देऊ नकोस."

झ्लात्का सकाळच्या बसनं तालुक्याला गेली. दुकानात थंडगार हवा होती आणि मेजावर सगळी यंत्रं जबडे उघडून बसली होती. मिशा कातरलेला विक्रेता पुढे आला.

"या लेल्या! बोला, काय सेवा करू?" लेल्या म्हणजे मावशी, पण त्याच्या तोंडी ते पानाला लावलेल्या चुन्यासारखं चुरचुरलं.

"परवडणारा लॅपटॉप दाखव."

"परवडणारा घ्याल आणि पस्तावाल. हा बघा. यावर लोक सिनेमे बनवतात."

"माझ्याकडे येणारी माणसं सिनेमाच्या पलीकडे गेलेली असतात. मी मयताचे कागद करते."

अपशकुन टळावा म्हणून त्यानं घाईनं कानाची पाळी ओढली, मेजाच्या लाकडावर टकटक केली आणि आवाज एकदम खाली आणला. "मग हा घ्या. सगळ्यात स्वस्त. हलका आहे, लगेच चालू होतो. फोटो तर आपोआप सुधारतो, तुम्हाला बोटसुद्धा लावायला नको."

ते वाक्य तिनं ऐकलं आणि सोडून दिलं. घरी येऊन तिनं केरानं दिलेला फोटो यंत्रात घेतला, चौकट आखली, मजकूर लिहिला. टपालातली बाई, नाव तपासलं, तारखा तपासल्या, काना-मात्रा तपासली. चेहरा कोण तपासतो? चेहरा तर ओळखीचाच. कागद छापून तिनं केराकडे पोचवले आणि स्वतः बसथांब्यावर, अक्रोडावर चिकटवून आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मेतोदी म्हातारा बसथांब्याशी टोपी हातात घेऊन उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, "हा तरुण पोरगा कोण रे? स्तोइमेनच्या नावाखाली कुणाला लावलंय?"

केरा झ्लात्काच्या फाटकातून आत आली ती बोलत बोलतच. "चल. चल माझ्याबरोबर. बघ तू काय केलंस ते."

केराच्या फाटकावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एक पहिला, जुन्या लॅपटॉपवरचा, उन्हानं पिवळा पडलेला. त्यात स्तोइमेन होता. मेंढ्यानं फोडलेली भुवई, हिमवाऱ्यानं खाल्लेली कानाची पाळी, आणि नांगरलेल्या उतारासारखं कपाळ. दुसऱ्या कागदावर एक गुळगुळीत माणूस हसत होता. भुवई अखंड, कान साबूत, कातडी साबणाच्या वडीसारखी.

"हा कोण?" केरा म्हणाली. "मी याच्याबरोबर एक दिवससुद्धा नांदले नाही. माझ्या माणसाचं सगळं आयुष्य घासून काढलंस!"

"मी नाही ग. त्या यंत्रानं."

"यंत्राला मी ओळखत नाही. मी तुला ओळखते."

झ्लात्काची स्वतःची लाज आधी पेटली आणि मग त्या लाजेची झळ तालुक्याच्या दिशेनं वळली. तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं यंत्र पिशवीत घातलं, उरलेला एक कागद घातला, गोंदाची बाटली आणि ब्रश तर त्या पिशवीतच असायचे, आणि बस गाठली.

"छानच आलाय की!" विक्रेता कागद हातात धरून म्हणाला. "दहा-वीस वर्षं उतरली. लोकांना हेच आवडतं, लेल्या."

"मेलेल्याची वर्षं उतरवून कुणाला द्यायची आहेत? हे बंद कर."

"बंद होतं. पण त्याला दर वर्षी पैसे भरावे लागतात. स्वस्तातल्या यंत्रावर ते असंच येतं. तुम्ही कालच महागातला घेतला असतात तर…"

झ्लात्का बोलली तेव्हा मागच्या मेजापाशी उभे असलेले लोकही वळून बघायला लागले.

"म्हणजे श्रीमंताचा मेलेला माणूस जसा होता तसा जाणार, आणि धनगराचा मेलेला माणूस तुमच्या मर्जीनं तोंड रंगवून जाणार? अरे, मी कमी पैसे दिले म्हणून कमी वेगाचं यंत्र दे, लहान पडदा दे, मी एक शब्द बोलणार नाही. माणसाच्या भुवईवरची खोक कशाला पुसतोस? ती त्याला मेंढ्यानं दिली होती, तुमच्या कंपनीनं नाही!"

"ओरडू नका, लेल्या. मी इथला नोकर आहे. माझ्या हातात काही नाही."

"माझ्या हातात आहे," असं म्हणून झ्लात्का बाहेर गेली.

तिनं शांतपणे ब्रश गोंदात बुडवला आणि दुकानाच्या काचेच्या दारावर, हँडलच्या अगदी वर, काळ्या चौकटीतला तो गुळगुळीत माणूस चिकटवला. कोपरे तळहातानं दाबले. मग बाजूला होऊन उभी राहिली.

पहिला आला तो भाजीवाला. दाराशी थबकला, टोपी काढली. "इथलं कोण गेलं हो?" मागून मुलीला घेऊन आलेली बाई चौकट पाहून छातीवर क्रूसाची खूण करत मागच्या मागे वळली. दोघे थांबले म्हणून आणखी चौघे थांबले. मयताच्या दारात खरेदीला कोण शिरतो?

विक्रेता धावत बाहेर आला. "काढा तो आधी!"

"तू काढ. हात आहेत ना तुला?"

त्यानं हात पुढे केला. भाजीवाला खेकसला, "ए, मयताचा कागद फाडतोस? तुझी आई जिवंत आहे ना?"

हात कागदाजवळ गेला आणि खिशात परत गेला.

"आत चला," तो पुटपुटला.

आत त्यानं यंत्र उघडलं, कुठे कुठे टिचक्या मारल्या, एक खूण पुसली (झ्लात्का एकेक टिचकी लक्षात ठेवत होती) आणि तो सुधारणारा भुताटकीचा प्रकार मुळासकट उपटून टाकला. स्तोइमेनचा फोटो पुन्हा उघडला. भुवई फाटली. कान तुटला. कपाळावर सगळे चर परत आले. एक कप कॉफी उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"म्हणजे येत होतं तुला," झ्लात्का म्हणाली.

तो मेजाकडे बघत राहिला. "येतं सगळ्यांना. आपण होऊन सांगायचं नाही, असं वरून बजावलंय."

हे ऐकून तिला पहिल्यापेक्षा जास्त संताप आला. अज्ञानाला क्षमा असते. माहीत असून गरिबाला अंधारात ठेवायचं आणि वर लेल्या, लेल्या म्हणायचं, याला क्षमा कुठली? पण परतीची बस सुटायला आली होती आणि उद्या चाळिसावा होता.

"तो कागद तरी काढून न्या," तो दारापर्यंत मागे आला.

"मीसुद्धा नाही काढत. पावसाला सांग."

चाळिसाव्या दिवशी सकाळी तिनं केराच्या फाटकावर नवा कागद त्या गुळगुळीत माणसावर बरोबर बसवून चिकटवला. फाडायचा नाही, हे खरं. पण झाकू नये असं कोणी सांगितलेलं नाही. बसथांब्यावरही तसंच केलं, अक्रोडावरही. माणसं जमली. केरानं साखर घातलेले शिजवलेले गहू मुठीमुठीनं वाटले, मेतोदीनं द्राक्षाच्या दारूचा पहिला घोट जमिनीवर ओतला.

सगळे आत जेवायला गेल्यावर केरा फाटकाशी मागे राहिली. तिनं कागदावरच्या कपाळावरून, एका चरावरून, मग दुसऱ्यावरून सावकाश अंगठा फिरवला.

"आता जा," ती त्याला म्हणाली. "वर तुझा बाप आहे, तुझा भाऊ आहे. आता तुला ओळखतील."

झ्लात्का बाजूला उभी होती. केरानं गव्हाची वाटी तिच्या हातात दिली. झ्लात्कानं ते गहू खाल्ले, तरी तोंडाची चव काही गोड झाली नाही. तालुक्यात आजही तोच विक्रेता कुणातरी लेल्याला तेच यंत्र विकत असणार, आणि कुणाच्या तरी बापाची भुवई तिच्या नकळत बुजत असणार. तिनं वाटी खाली ठेवली आणि आत जाऊन, जेवायला बसलेल्या पाहुण्यांपैकी शेजारच्या गावांतून कोण कोण आलंय ते बघायला लागली. मग ती मोठ्यानं म्हणाली, "घरात नवा लॅपटॉप घेतलेला कोण आहे? जेवण झाल्यावर माझ्याकडे या. एक गोष्ट दाखवायची आहे, आणि ती फुकट आहे."