रस्त्याकडे तोंड करून

मुखेडच्या आमच्या बँकेत तो म्हातारा एकदाच आला. धाकट्या भावाच्या बायकोचं खातं उघडायचं होतं. सोबत आणलेल्या तिच्या नि आपल्यामध्ये एक खुर्ची मोकळी सोडून तो बसला. तिचा पदर नाकापर्यंत ओढलेला. थोरल्या दिरासमोर तिनं कधी तोंड उघडं केलं नसावं.

"पदर मागं घ्या, फोटोत चेहरा दिसला पाहिजे," मी सगळ्यांदेखत म्हणालो. नियम बँकेचा होता, चढा आवाज माझा. ती हललीच नाही.

उठला तो. डोक्याचा रुमाल सावरत दारापाशी गेला आणि हात मागे बांधून, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याचं बघून रांगेतल्या पुरुषांनीही माना वळवल्या. मग तिनं पदर सरकवला. मी फोटो घेतला.

"झालं का, साहेब? वळू का आता?"

"या."

बसता बसता तो हळूच म्हणाला, "लई उपकार झाले. तुमीबी खालीच बगितलं असंल, म्हाईत हाय मला."

"हो," मी म्हणालो.

समोरच्या स्क्रीनवर तिचा चेहरा अजून तसाच होता. खाली प्रश्न होता : ग्राहकाला प्रत्यक्ष पाहिले का?

तिथंही मी 'हो'च केलं.