पडद्यावरचे हिरवे ठिपके

कारखान्यात आगीची रंगीत तालीम होती. भोंगा वाजला आणि पडद्यावरच्या नकाशात माणसांचे हिरवे ठिपके हलू लागले. ज्याच्या गळ्यात कार्ड, त्याचा ठिपका. तळ्यातल्या शेवाळासारखे तरंगत ते फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली जमले. नकाशा बघायला थांबलेली मी, माझ्या एकटीचा ठिपका तेवढा आत राहिला. किती शांत दिसतं सगळं वरून, असं वाटत होतं, तेवढ्यात मागून ओल्या फडक्याचा वास आला. सफाईच्या सुमनमावशी.

"यात मी कुठं हाय, ताई?"

ठेकेदाराच्या माणसांना कार्ड नसतं. मावशींनीच मग माझ्या ठिपक्याशेजारी बोट टेकवलं. "हितं."

काचेवर ओला ठसा उमटला. जाताना, सवयीने, त्यांनी काच पुसून घेतली.