घोड्याची लस आणि विट्याचे पोहे

माझ्या लग्नाला पहिला विरोध केला तो माझ्याच रक्तानं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी मिरजेला डॉक्टरकी शिकत होतो. त्या वर्षी आम्हाला रक्तातल्या प्रतिपिंडांचा धडा होता. शरीरात बाहेरचं काही घुसलं की त्याच्याशी लढणारे हे शिपाई. त्यांचे पाच वर्ग : आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीडी आणि आयजीई. हेच शिपाई कधी चेकाळून घरातच तोडफोड करतात, त्याचे आणखी चार प्रकार! एवढं पाठ करून मी सुट्टीला रहिमतपूरला आलो, तो अर्धा डॉक्टर आणि दीड शहाणा होऊन. शेजारणीला शिंक आली तरी मी तिला ॲलर्जी घडवणारं आयजीई समजावून सांगे. (पुढं पुढं ती आमच्या दारावरून नाक दाबूनच जायला लागली.)

त्याच सुट्टीत उसाच्या फडात गंजका खिळा पायात घुसला. गावच्या दवाखान्यात धनुर्वाताची सुई घेतली आणि विसरून गेलो. आठवड्यानं काकांनी फर्मान काढलं, "उद्या विट्याला. पोरगी बघायची हाय." काका फौजेतले निवृत्त सुभेदार, लग्नालाही ते मोहीमच म्हणत.

मुलीचे वडील आबा, लांब मद्रासकडं सोनं गाळायचं दुकान असलेले. त्यांच्या बैठकीत बसलो. सकाळपासून अंगात कसकस होती, गुडघे दुखत होते, दंडाला खाज होती. मी हे प्रेमाचं लक्षण धरलं. (प्रेम अभ्यासक्रमात नव्हतं.) मुलगी, सुमन, पोहे घेऊन आली. मी दोन घास खाल्ले मात्र, मानेवर, गालांवर, कानांच्या पाळ्यांवर टरारून गांधी उठल्या!

"आवं, पावण्यास्नी काय झालं?" सुमनची आई ओरडली.

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "घाबरू नका. हा पहिला प्रकार, आयजीईचा. तुमच्या पोह्यांतल्या शेंगदाण्यांमुळे."

सुमनची आई उसळली.

"आमच्या पोह्यांमुळं? सारी गल्ली खाती! कवा कुनाच्या अंगावर काय उठलं न्हाई!"

"काकू, दोष पोह्यांचा नाही, माझ्या प्रतिपिंडांचा..."

"शुभ कामात पिंडाचं नाव काढू नगा!" आबा गरजले.

मी आणखी समजवायला गेलो, तर ओठ सुजून वांग्याएवढे झालेले. 'आयजीई' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "आई गं!"

"पोरगं आईला हाका मारतंय!" काका हबकले. "धीर धर गड्या!"

मग बायकांनी ताबा घेतला. माझा शर्ट उतरवून अंगाला आमसुलाचं पाणी चोळायला सुरुवात झाली. मुलगी बघायला आलेला मी उघडा उभा, आणि तिच्या आत्या, चुलत्या, शेजारणी मला निरखतायत!

"जरा वळा की."

"ह्यो डाग आजचा, का जुना?"

"चालून दाखवा बघू."

गुडघे धरलेले, मी लंगडत चाललो.

"पायात बी खोट हाय वाटतं, बाई!"

आजवर गावोगावच्या पोरींना चालून दाखवायला लावणारे आमचे काका पहिल्यांदाच खाली मान घालून बसले.

शेवटी विट्याचे डॉक्टर आले. माझा श्वास, छाती, नाडी तपासून त्यांनी विचारलं, "एवढ्यात कुठली सुई घेतली होती?"

"धनुर्वाताची," काका म्हणाले. "आठवडा झाला."

"मग बरोबर. ती लस घोड्याच्या रक्तातून काढतात. ह्याच्या अंगानं आठवडाभर घोड्याविरुद्ध फौज जमवली आणि आज हल्ला केला. हा तिसरा प्रकार, आयजीजीचा. पोह्यांचा काही संबंध नाही. काय शिकतो हा?"

"डाक्टरकी."

"असं?" डॉक्टर एवढंच म्हणाले. (त्या 'असं'चा व्रण अजून आहे!)

आबांना मात्र वेगळीच काळजी. "म्हंजी पोराच्या अंगात घोडं हाय?"

"आहे थोडं. उतरेल." असं म्हणून डॉक्टरांनी सुई बाहेर काढली. ती बघून मी पुन्हा "आई गं!" म्हणालो. ह्या खेपेला मला तेच म्हणायचं होतं.

एस.टी.त काका एकच वाक्य बोलले, "मोहीम फसली." पण थोड्याच दिवसांत विट्याहून निरोप आला : पोरीला पसंत! आमच्याकडं कुणाचा विश्वास बसेना. माझा मात्र लगेच बसला.

लग्नानंतर मी ऐटीत विचारलं, "काय गं, एवढ्या गोंधळात माझ्यात काय बघितलंस?"

"तुमच्या आदी लय डाक्टर बघून गेलं," सुमन म्हणाली. "समदे नुसतं बोलायचं. तुमी बी सुरुवात केलीती, पर देवानं तुमचं तोंड बंद केलं. मला वाटलं, हे असंच ऱ्हाणार. सूज उतरती, हे मेल्या डाक्टरानं सांगितलंच न्हाई!"