डाग आधी दाखवायचा

फोन आला तेव्हा मी बन्नूरला लेकीकडे होते. दीर एवढंच म्हणाले, "वहिनी, शांता गेली. या." बसमध्ये बसले, दोन्ही बाजूंना ऊस, आणि रडूच येईना. खरं सांगू, थकून गेले होते हो... शांता माझी धाकटी जाऊ. ती आजारी पडल्यापासून सगळं घरच थकलं होतं. आता महिना उलटला तरी तो थकवा अंगातून उतरत नाही.

आमचं शिंप्याचं घर, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. मराठी बोलतो, पण त्यात निम्मं कन्नड. शांता लग्न होऊन आली आणि मशीनवर अशी बसली, की गल्लीतल्या बायका दुसरीकडे ब्लाऊज टाकेनात. मला अक्का म्हणायची आणि चारचौघांत टोमणाही मारायची, "अक्का शिवत नाहीत, नुसते गप्पांना टाके घालतात." खरंच होतं ते. तिची एक रीत मात्र कधी मोडली नाही, आमच्या सासऱ्यांनी घालून दिलेली. कापड आलं की आधी उजेडात धरायचं. डाग दिसला, विणीत चूक दिसली, तर गिऱ्हाइकाला समोर बसवून दाखवायची आणि मगच कात्री.

मग तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं झाली, केस गेले, परत आले. विठ्ठलाच्या देवळात पेढे वाटले. सुटलो असं वाटलं... पण पुढे रक्ताच्या तपासणीत कसलासा आकडा चढायला लागला. दुखत काही नव्हतं, नीट जेवत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार परत आलाय का आणि कुठे, ते नुसत्या रक्तावरून कळणार नाही, स्कॅन करू. उपाशीपोटी नेलं, सुई टोचली, एका खोलीत गप्प पडून राहायला सांगितलं, बोलायचंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर तिचं पहिलं वाक्य, "अक्का, तुम्ही तर आतच मेला असता."

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दिरांना खूण केली, तुम्ही जरा बाहेर या. शांता जागची हलली नाही. बोलणं कन्नडमध्ये चाललेलं, मी आपल्या भाषेत सांगते. ती म्हणाली, "मॅडम, कापडात डाग दिसला तर ज्याचं कापड त्याला आम्ही आधी दाखवतो. हे कापड माझं आहे."

दीर म्हणाले, "शांते, तू सुम्ने बस, गप्प बस, मी ऐकून येतो."

"तुम्ही ऐकून याल आणि मला गोड करून सांगाल. नको."

बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. करड्या पोटात यकृताच्या कडेला पिवळे ठिपके पेटलेले. शांताने पदराने चष्मा पुसला.

"कडेलाच आहे, की मधेही?"

"दोन्हीकडे, थोडं थोडं."

"मग कसं कापायचं?"

कापण्यासारखं नव्हतं. पुन्हा औषधं, पुन्हा केस गेले. पुढच्या स्कॅनमध्ये ठिपके कमी दिसले, आम्ही हुरळलो. त्याच्या पुढच्यात वाढले. तारीख जवळ आली की घरात ताटातलं ताटातच राहायचं...

शेवटी एकदा तिनेच विचारलं, "आता बघितलंत आणि वाढलेलं दिसलं, तर वेगळं काही करणार आहात?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नाही. आता तुम्हाला दुखू द्यायचं नाही, एवढंच."

"मग बघायलाच नको. आयतु, पुरे झालं."

रिक्षात दीर रडले. ती त्यांचा हात धरून बाहेर बघत बसली. त्यानंतरही तिने मशीनवरचं शिवण बाजूला टाकलं नाही. जमेल तेव्हा एखादी बाही, एखादा गळा, मग पडून राहायची.

परवा दिरांबरोबर तिची शिवणाची खोली आवरायला घेतली. खिळ्याला मापाचे कागद अडकवलेले, त्यात एक जाड, गुळगुळीत. उलटून बघते तर स्कॅनच्या फिल्म घालून देतात ना, तो मोठा लिफाफा! तो उकलून तिने त्यातून बाहीचं माप कापलेलं. छापलेलं तिचं नाव अर्धं कात्रीत गेलेलं, आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं : अक्कांची बाही, मुंढा सैल ठेवणे.

"वहिनी, हा टाकू का?" दिरांनी विचारलं.

नको म्हटलं. माझा दंड सुजतो, ब्लाऊज मुंढ्यात, काखेपाशी काचतं, हे मी तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.