दोन टायर आणि माझी मान

आमच्या घरात मोटारसायकल एक होती आणि तिच्या टायरांबद्दल मतं दोन. आम्ही आष्ट्याजवळ राहायचो. बाबा तिच्यावरून डांबरी रस्त्यानं सांगलीला नोकरीला जात. ते परतले की काका तीच गाडी मळ्याच्या चिखलात घालत. दोन्ही टायर एकदमच झिजले. बाबांना साधे रोडचे हवे होते, काकांना मोठ्या गोट्यांचे, बटनाचे.

"हिला विचारा. इंग्लिश मीडियमची हाय," काका माझ्याकडे बोट करून म्हणाले.

(इंग्लिश मीडियममध्ये टायर हा विषय नव्हता. पण हे सांगायलाही तोंड उघडावं लागतं.) बाबांनी एकटीला गाठून "रोडचेच ना?" विचारलं, मी मान डोलावली. काकांनी गोठ्यापाशी "बटनाचंच न्हवं?" विचारलं, तिथंही डोलावली. पैसे एकेकाच टायरचे होते, म्हणून रविवारी सकाळी बाबा मागे रोडचा टायर बसवून आले. संध्याकाळी काका पुढे बटनाचा.

सोमवारी दहा वाजता सांगलीत माझी बारावीची फिजिक्सची प्रॅक्टिकल होती. उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाही, असं कॉलेजनं बजावलं होतं.

बाबा मला मागे बसवून निघाले. डांबरावर पुढचा टायर भुंग्यासारखा घुमायला लागला. हँडल थरथरत होतं.

"तुझ्या काकाचा टायर," बाबा दात आवळून म्हणाले आणि गाडी आणखी हळू केली.

पुढे उसाची ट्रॉली रस्त्यावर आडवी! आम्ही पाटाच्या कडेच्या वाटेला वळलो. तिथं पाटाचं पाणी फुटलेलं. पुढचं चाक चिखलात घट्ट धरून उभं, मागचं जागच्या जागी फिरतंय. साडेनऊ झाले होते.

उसाला पाणी पाजणारा एक म्हातारा फावडं टेकून बघत होता.

"आवं, चिखलात बटन मागं लागतंय. उलटं कुणी बसवलं हे?"

"मागचा पोरीला विचारून घेतलाय," बाबा म्हणाले.

"आन् फुडचा?"

बाबा सावकाश मागे वळले. "काकालापण तूच हो म्हणालीस?"

मी मान डोलावली. दुसरं काही येतच नव्हतं.

"लय शिकलीया," म्हातारा म्हणाला. "उतर बाई, ढकल आता."

मी ढकललं. त्यानंही फावडं टाकून हात लावला. चाक सुटलं, गाडी निघाली आणि मागच्या चाकाचा सगळा चिखल माझ्या अंगावर आला.

दहाला दोन मिनिटं असताना मी प्रयोगशाळेत शिरले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न विचारला : घर्षण कमी पडलं तर काय होतं? उत्तर पाठ होतं, पण मी नेहमीसारखी मान डोलावली. सरांनी मला केसांपासून चपलांपर्यंत पाहिलं, स्वतःच्या कागदावर पडलेला चिखलाचा थेंब पुसला आणि "पुरे, उत्तर दिसलं" म्हणून मार्क लिहिले.

तोंड न उघडता तोंडी परीक्षा पास झालेली त्या कॉलेजात मी एकटीच असेन.