भनपुरीचा चुकलेला पॉइंट

अमानवीय अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त भांडायला आले आहे. जुने वाचक मला ओळखतात... कुणी लिहिलं की रिकाम्या खोलीत पंखा आपोआप सुरू झाला, तर खाली पहिली कमेंट माझी — "वायरिंग चेक केली का?" आमचं घर बौद्ध, दारावर लिंबू-मिरची कधी टांगली नाही, आणि मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्याला बाबा हसायचे. तेव्हा आज मीच लिहायला बसले आहे म्हणून कुणी टोमणे मारणार असाल तर खुशाल मारा. माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि माझं कुठं चुकतंय ते सांगा.

मी रायपूरला राहते, पंडरीच्या कापड मार्केटच्या मागच्या बाजूला. सरकारी ऑफिसात नोकरी. घरात मी, कॉलेजात जाणारी पोरगी रिया, आणि माझे वडील. मिस्टर कोरब्याला असतात, पंधरा दिवसांनी येतात. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. रेल्वेच्या सर्व्हे पार्टीत चेनमॅन म्हणून लागले, म्हणजे जमीन मोजायची साखळी ओढणारा माणूस. पुढे मोजणीच्या दुर्बिणीवरही बसले. छत्तीसगडच्या रानातून त्यांनी किती मैल साखळी ओढली त्याचा हिशेब नाही. चालताना ओठ हलायचे त्यांचे, कारण पावलं मोजायची सवय. बाजारात भाजी आणायला गेले तरी परत येऊन सांगणार, "चारशे बारा."

रिटायर झाल्यावर माणूस घरात बसून कुढू लागला. तेव्हा मी त्यांना जिओकॅशिंगचं वेड लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — लोक कुठंतरी एक डबा लपवतात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतात, आणि बाकीच्यांनी तो हुडकायचा. डब्यात वही असते, तीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथंच ठेवायचा. बस, एवढंच. ना बक्षीस, ना पैसा. रिया म्हणाली, "मम्मी, ये कोई काम है?" पण बाबांचे डोळे असे चमकले म्हणून सांगू!

हातात धरायचं जीपीएस मीच निवडून घेतलं. मोबाइल असताना ते वेगळं कशाला, असं सगळेच विचारतात. अहो, मे महिन्यात रायपूरच्या उन्हात मोबाइल दहा मिनिटं बाहेर धरून दाखवा — गरम होऊन बंद पडतो. मी बटणांचं मॉडेल घेतलं, टचस्क्रीनचं नाही, कारण घामाच्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही. साधे पेन्सिल सेल लागतील असंच घेतलं, कुठल्याही ठेल्यावर मिळतात. स्क्रीन रंगीत नसली तरी चालेल, उन्हात वाचता आली पाहिजे. नवीन लोकांच्या ग्रुपवर हे सगळं मीच शिकवते. आणि पहिला नियम सांगते तो हा की आकडे कुठल्या पद्धतीत लिहिलेत ते आधी बघा. अंश-मिनिट-सेकंद आहेत, की मिनिटांचे दशांश? वेबसाइटवर दशांश मिनिटं असतात, जुने सर्व्हेवाले सेकंद लिहितात. आकडे सारखेच दिसतात, पण अर्धा किलोमीटर फरक पडतो. या चुकीसाठी मी लोकांना ग्रुपवर अक्षरशः झापलं आहे.

आमचा दोघांचा एक नियम होता. रानात चुकामूक झाली तर आरडाओरडा करायचा नाही. ज्या डब्यासाठी निघालो तिथं जाऊन बसायचं, दुसरा येतोच.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी स्वतः एक डबा लपवला. आकडे त्यांच्या डायरीत लिहिले आणि मला म्हणाले, "वेबसाइटवर टाकाचा नाही. हा फकस्त तुयासाठी. हुडक." मी हो म्हटलं. मग ऑफिसचं ऑडिट आलं, रियाची बारावी आली... राहिलंच. दर महिन्याला विचारायचे, "डबा भेटला का व?" आणि मी म्हणायची, "पुढच्या रविवारी पक्कं, बाबा."

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रियाचं नाव. डॉक्टरांनी शंभरातून सात वजा करायला सांगितले, तर बाबा त्यांच्याकडे पाहून नुसते हसले. साखळीचा हिशेब तोंडी करणारा माणूस! मला तिथंच रडू आलं.

तरी जीपीएस सुटलं नाही. मागच्या मे महिन्यात ते एकटेच यंत्र घेऊन निघाले आणि सदर बाजारात भर रस्त्यात थांबून बाण पाहत उभे राहिले. दोन्हीकडून गाड्यांचे हॉर्न, लोकांच्या शिव्या, पण यांना पत्ता नाही. एका ओळखीच्या भैयानं हात धरून घरी आणलं. मी भीतीनं इतकी चिडले की यंत्रातले सेल काढले, आणि यंत्र, डायरी, सगळं कपाटाच्या लॉकरमध्ये टाकून चावी पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यापुढे येऊन उभे. "वंदना, चावी दे मले. डबा पाहाचा आहे."

मी जेवणाचे डबे भरून राहिली होती, ऑफिसला उशीर होत होता. तोंडातून निघून गेलं, "बाबा, तुम्हाले घरचा रस्ता आठवत नाही, डबा काय हुडकता?"

त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि खाटेवर जाऊन बसले. माझं ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

साडेदहाला रियाचा फोन आला. "मम्मी, नानाजी घर पे नहीं हैं. मैं नहाने गई थी बस..."

मे अखेरचा नवतपा, वर्षातलं सर्वांत कडक ऊन, चालू होता. ज्यांनी रायपूरचे ते नऊ दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. कावळासुद्धा सावली सोडत नाही. मी स्कूटी काढून आधी विहारात गेले, मग न्हाव्याकडे, मग मार्केटमधल्या चहावाल्याकडे. कुठंच नव्हते. रियाला फोटो घेऊन ठाण्यात पाठवलं. साडेबारा वाजले. पंचाहत्तरीचा माणूस, सोबत पाण्याची बाटली नाही... आणि सकाळचं माझं ते वाक्य डोक्यात घण घालत होतं.

तेव्हा नियम आठवला. चुकामूक झाली तर डब्याजवळ बसायचं.

घरी येऊन लॉकर उघडला. यंत्र जसंच्या तसं, सेलची जागा रिकामी. डायरी त्याच्याखालीच. म्हणजे बाबा नुसते रिकाम्या हातानं गेले होते. डायरीत शेवटच्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात आकडे होते, मधे खुणा नाहीत, फक्त जागा सोडलेली. अक्षांशात सतरा मिनिटं, पुढं बेचाळीस. रेखांशात अडतीस, पुढं पंधरा. सेल घातले, आकडे टाकले. यंत्रानं उपग्रह पकडायला दोनेक मिनिटं घेतली, ती मला दोन तासांसारखी गेली. बाण उत्तरेकडे वळला. भनपुरी.

भनपुरीला कारखाने, गोदामं, ट्रकच्या रांगा. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. बाण एका धरमकाट्याकडे घेऊन गेला, जिथं ट्रक वजन करतात. पन्नास मीटर... वीस... नऊ. समोर कडुनिंबाचं झाड, त्याखाली चहाचा ठेला. यंत्र चार मीटर दाखवत होतं.

झाडाच्या बुंध्याला टेकून, विटेवर, दुपट्टा डोक्याला गुंडाळून बाबा बसले होते.

"किती उशीर केला व," ते म्हणाले. ओठ सुकून फाटले होते. "पाणी पेली का तू?"

मी तिथंच धुळीत बसले. रडत रडतच ओरडले, "काहून आले इथं? जीव गेला असता ना बाबा!"

"तू इथंच येणार होती ना," ते शांतपणे म्हणाले. "तिकडं बसलो असतो तं भेट झालीच नसती."

तिकडं म्हणजे घरी, असं मी समजले. अशा वेळी कोण विचार करतं?

ठेल्यावरच्या बाईनं सांगितलं, "सियान बबा बिहनिया ले बइठे हे दीदी. कहत रिहिस, बेटी आवत हे." सकाळपासून बसलेत, मुलगी येते आहे म्हणाले. तिनंच दोनदा पाणी पाजलं होतं, म्हणून माझे बाबा वाचले. सावलीत आत बस म्हटलं तरी त्या विटेवरून हलले नाहीत म्हणे. आले कसे, विचारलं, तर म्हणाली, त्या वरच्या बाजूनं पायी आले, तोंडातल्या तोंडात काही मोजत.

दवाखान्यात सलाइन लागलं, तिसऱ्या दिवशी घरी आणलं. खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. नियम आठवला, बापलेक भेटले, त्यात अमानवीय काय?

पाचव्या दिवशी रिया ती डायरी चाळत होती. म्हणाली, "मम्मी, आपने डेसिमल में डाला था क्या? नानाजी तो सेकंड में लिखते हैं. ये देखो." डायरीच्या पहिल्या पानावर बाबांनी रकाने आखून वर स्पष्ट लिहिलं होतं — अंश, मिनिट, सेकंद.

मी डायरी ओढून घेतली. बेचाळीस सेकंद म्हणजे मिनिटाचे सत्तर शतांश. मी बेचाळीस शतांश म्हणून टाकले होते. जी चूक करू नका म्हणून जगाला ओरडते, तीच चूक. मी ज्या झाडाखाली पोहोचले ती डब्याची जागा नव्हतीच. ती कशाचीच जागा नव्हती. ती फक्त माझ्या चुकीची जागा होती.

रविवारी आकडे नीट टाकून मी एकटी गेले. खरा पॉइंट धरमकाट्यापासून उत्तरेला साडेपाचशे मीटरच्या आसपास निघाला. मधे ट्रान्सपोर्ट यार्डाची लांबलचक भिंत, इकडचं तिकडं दिसत नाही. रेल्वेच्या हद्दीलगत जुना सर्व्हेचा दगड होता, बहुतेक बाबांच्याच पार्टीनं रोवलेला. त्यामागे विटांखाली डबा. वर धुळीचा थर, कोळ्याचं जाळं शाबूत. दोन वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता.

म्हणजे मी चूक केली नसती तर त्या दुपारी मी इथं आले असते, मला डबा मिळाला असता, आणि भिंतीपलीकडे बाबा... नको. ते मी पुढं लिहीत नाही.

डब्यात त्यांचा पितळी ओळंबा होता आणि एक वही. पट्टीनं आखलेले रकाने. पहिल्या ओळीत त्यांचं नाव, तारीख, सही. दुसऱ्या ओळीत त्यांनीच माझं नाव लिहून ठेवलेलं होतं, "वंदना", आणि तारखेची जागा रिकामी सोडलेली. मी त्या दगडावर बसून पोटभर रडले, मग तारीख घातली.

आता तुमची पाळी. वायरिंग चेक करा! मी सगळं करून पाहिलं आहे. योगायोग म्हणावं तर एवढ्या मोठ्या भनपुरीत नेमकी तीच वीट? सर्व्हेवाल्याला एक सेकंद म्हणजे एकतीस मीटर हे पाठ असतं, त्यामुळे खऱ्या जागेवरून पावलं मोजत चुकीच्या जागेवर जाता येतं, हेही मान्य. ती बाई वरच्या बाजूनं आले म्हणालीच होती. पण शंभरातून सात वजा न होणाऱ्या माणसानं तो हिशेब केला कधी? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मी लॉकर उघडेन, डायरी काढेन आणि घाईत नेमकी हीच चूक करेन, हे त्यांना सकाळीच कसं कळलं? तेव्हा तर मी चूक केलेलीच नव्हती. वर्ष होत आलं, मला उत्तर मिळालेलं नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, "मी तं कुठंच गेलो नाही."

लॉकरला आता कुलूप नसतं. यंत्र त्यांच्या उशाशी असतं, सेल घातलेलं. यंत्रातला तो चुकीचा पॉइंट मी पुसलेला नाही.

डबा सापडला त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी विचारलं होतं, "भेटला का व?" मी आनंदानं म्हटलं, "भेटला बाबा!" तर त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला. दोन दिवस धड जेवले नाहीत. तेव्हापासून मी, आयुष्यात खोटं न बोलणारी बाई, रोज सकाळी खोटं बोलते.

"डबा भेटला का व?"

"नाही बाबा, हुडकून राहिली अजून."

"हव," ते म्हणतात. "घाई नोको करू. मी थांबतो."