बचलचाचाची बदकी

पहिल्याच शिकारीत खमीसोने बचलचाचाची पाळलेली बदकी बुडवून मारली. पक्ष्यांना माणूस कळू नये म्हणून डोक्यावर पेंढा भरलेला बगळा बांधून तो गळ्याएवढ्या पाण्यातून सरकत गेला, हाताला बदकाचे पाय लागले आणि त्याने ते खाली ओढले. पायाची दोरी त्याला शेवाळ वाटली होती. ओरडून रानबदकांना खाली उतरवणारी तशी बदकी सिंधमधल्या मंचर तलावावर दुसरी नव्हती.

"शाबास रे शिकाऱ्या!" चाचा म्हणाला. "आता उद्यापासून तूच ओरडत बस. मी मरायच्या आत माझी बदकी भरून दे म्हणजे झालं."

पुढे तलावात नाल्याचं खारट, विषारी पाणी आलं. मासे मेले, पक्षी विरळ झाले. आता थंडीत शहरातले साहेब बंदुका घेऊन येतात. प्लास्टिकची बदकं तरंगतात, बदकाच्या आवाजात यंत्र ओरडतं आणि खमीसो पडलेले पक्षी गोळा करतो.

यंदा चाचाने अंथरूण धरलं. त्याच आठवड्यात एक बदकी नुसता पंखाला छर्रा लागून जिवंत पडली. चाचा जाण्याआधी ही त्याच्या हाती द्यायचीच, म्हणून खमीसोने ती सदऱ्यात दडवली. काठावर येताच सदरा फडफडला.

"काय रे, पोटात पिल्लं झाली?" साहेब हसला.

"साईं, ही एवढी मला द्या. घरी म्हातारा आजारी आहे."

"मग हलाल करूनच ने की!" साहेबाने सुरी फिरवली आणि मोठ्या मनाने बदकी त्याच्या हातात ठेवली.

संध्याकाळी चाचाने दोन घोट रस्सा घेतला.

"चव बरी आहे," तो म्हणाला. "पण ही ओरडत नाही, खमीसा. माझी बदकी अजून बाकीच."